दुधाचं उत्तर

केसरबाईस श्रीपतीचा जय भीम.

मी इथे नवघरला बरा आहे, गोळ्या वेळेवर घेतो. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या नातीची, पंचशीलाची, गुरुवारी मुलाखत आहे. धंदा बसला तर का बसला, हे कंपन्यांना सांगायची नोकरी. तिच्या सरावासाठी मी, चौथी शिकलेला, रोज दुपारी साहेब होऊन कागदावरचा प्रश्न वाचतो: एका डेअरीचा धंदा का बसला? ती "एक मिनिट विचार करते" म्हणून छताकडे बघते, मग म्हणते, "तीन कारणं आहेत." रोज तेवढाच वेळ, तोच श्वास. मैत्रिणीने दिलेली उत्तरं तिने पाठ केलीत. केसर, तो आवाज आपल्या पोरीचा वाटत नाही.

काल मी मुद्दाम डेअरीच्या जागी इथून जवळच्या उत्तन गावची सुकी मासळी म्हणालो. ती छताकडे बघून म्हणाली, "तीन कारणं आहेत. पहिलं, दूध लवकर नासतं."

"पोरी, मी मासळी म्हणालो."

तिचे ओठ तरी दुसऱ्या कारणासाठी हलत राहिले. मग थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, मासळी वाळायला किती दिवस लागतात हो?"

मला कुठे ठाऊक! उद्या दोघं उत्तनला जाऊन विचारणार आहोत. उत्तरांचा कागद तिने स्वतःच फाडला.

तरी फोनवर ती तुला "तीन गोष्टी सांगते" म्हणाली, तर मध्येच कोंबड्यांचं काही विचार. थांबली तर समज, आपलीच आहे. नाही थांबली, तर लगेच मला कळव.

दाराला कडी लावत जा.

तुझा श्रीपती