गाळणीत अडकलेला हार

आवं सुनीच्या बा,

तुम्हाला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. माझी शाळा तिसरीत सुटलेली, आणि तुम्हाला जाऊन वर्ष झालं. पण गावानं तुमच्या वर्षश्राद्धाला जी घाण केली, ती सांगितल्याशिवाय घास उतरेना. इथल्या सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. तुम्हीच राहिलात.

तुमची नाव बुडाली. पुरात नाही, धारेत नाही. घाटाला बांधलेली, कमरेएवढ्या पाण्यात!

परवा सगळी मंडळी घाटावर जमली. सरपंच, तुमचा पुतण्या दिलीप, ज्यांना तुम्ही आयुष्यभर या काठावरून त्या काठावर नेलं ती झाडून सगळी. नावेत तुमचा फोटो मांडला आणि तुमच्या पंपाची पूजा केली. तोच तो, फवारणीच्या जुन्या पंपाची मोटार आणि ठिबकची नळी जोडून केलेला. नाव झिरपून तळाला पाणी साठलं की पाण्याच्या टाकीत असतो तसला तरंगता गोळा वर येणार, मोटार आपोआप सुरू होणार, पाणी नदीत. त्यावर यांनी हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ उधळले, नारळ फोडला, झेंडूचे हार घातले. "नानांनी काय डोकं लढवलं!" म्हणाले. आणि हार तसेच टाकून जेवायला पळाले.

काल सकाळी धुणं घेऊन गेले, तर नावेचं नुसतं नाक वर! पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या तरंगतायत आणि शेजारी तुम्ही, फोटोत हसताय. हसायला काय झालं होतं?

चौघांनी ओढून नाव काठाला घेतली, घमेल्यांनी पाणी उपसलं. तळाला वर्षभर साचलेला काळा राडा तेवढा राहिला. दिलीप पांढरा शर्ट घालून, हातात मोबाईल घेऊन उभा.

"काकी, बॅटरी गेली असंल."

"बॅटरी आन् मोटार पुढं उंचावर हायत, खडखडीत सुक्या. नळीच्या तोंडाला हात घालून बघ की."

"नगं काकी, लय वास मारतोय."

"मग काय, अत्तर शिंपडू व्हय रं तुझ्यासाठी?"

शेवटी हात मीच घातला. काय काय निघालं, सांगू? भिजून शेणासारखा मऊ झालेला झेंडू. गुटख्याच्या पुड्या. कुणाचे तरी केस. नारळाच्या शेंड्या. गोळ्याला हाराचा दोरा गुंडाळलेला, मग तो वर येणार कसा? नासक्या अंड्याचा वास नाकातून थेट डोक्यात गेला. तिथंच दोनदा ओकले. आणि त्या सगळ्या राड्याच्या तळाशी, नळीच्या तोंडाला तारेनं बांधलेली माझी चहाची गाळणी! पलूसच्या बाजारातून आणलेली, तुम्ही असताना महिनाभर शोधत होते ती. शेजारणीवर आळ घेतला होता मी! सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

सरपंच वरच्या पायरीवरून म्हणतो कसा, "काकी, पंप काढून पंचायतीत काचेच्या पेटीत ठेवू. नानांची आठवण म्हणून."

मी म्हटलं, "आन् महिन्याभरात नदी रस्त्यावर आली की खालच्या आळीतली माणसं पेटीत बसवून काढनार काय? पंप नसंल तर ही नाव दोन खेपांत तळाला जाईल."

चपला घालून निघाला. दुसरं करणार काय?

पण खरं सांगू? त्यांना बोलले, तरी मी तरी कुठं वेगळी? तुम्ही रोज पहाटे त्या राड्यात कोपरापर्यंत हात घालायचात. घरी आलात की मी लांबूनच ओरडायची, "आधी राखेनं धुवा, मग उंबरा ओलांडा." तरी वास जायचा नाही. मग तुमची ताटली वेगळी केली, तुम्हाला बाहेरच्या पायरीवर जेवायला बसवलं. किती वर्षं? तुम्ही एकदाही कुरकुर केली नाही. का नाही केली? एकदा ताटली भिरकावली असती, तर मलाही कळलं असतं!

फक्त एकदा तुम्ही म्हणाला होतात, "ऐकलीस का, पंप काय देव न्हाई. त्याला हात जोडून भागत न्हाई, हात घालावा लागतो." मी म्हटलं होतं, "मग घाला, मला कशाला सांगताय?"

गाळणी घासली, दोरा कापला, बालदीभर पाणी तळाला ओतलं. गोळा वर आला आणि मोटार घुर्र करून चालू झाली. दिलीपनं मोबाईलवर फोटो काढला. बाकी त्याला काय येतंय?

घरी येऊन राखेनं, लिंबानं, साबणानं तीनदा हात धुतले. वास तसाच. सून नाक मुरडून म्हणाली, "आत्या, जरा बाहेर बसता का?" गेले. तुमच्या पायरीवर बसून त्याच हातानं भाकरी खाल्ली. पायरी लय गार असते हो. हेही कधी सांगितलं नाहीत.

आता ऐका. उद्यापासून रोज सकाळी गाळणी मी साफ करणार, ओकत ओकत का होईना. नावेत फुलाची पाकळीसुद्धा पडू देणार नाही. आणि पुढच्या वर्षी तुमच्या नावानं जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी घाटावर नेणार. बाह्या वर करून त्या राड्यात हात घालायचा, गाळणी मोकळी करायची, मगच पान मांडलं जाईल. सरपंचाचा नंबर पहिला. आणि त्या दिवशी सगळी पंगत पायरीवर बसेल, वास घेत.

जिला तुम्ही जन्मभर "ऐकलीस का" म्हणालात आणि जिनं कधी ऐकलं नाही, ती,
सुनीची आई