खडेमिठाची चिमटी

मॅडम, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मनात तुमच्याशी बोलताना मी अजून उभीच असते. आज मात्र बसून लिहिते आहे. परवा आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात एक गोष्ट घडली आणि वर्ध्याचा तो उन्हाळा एकदम समोर आला. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी डॉक्टरकी शिकत होते आणि सुट्टीत संशोधनाचं काम शिकायला वर्ध्याच्या कॉलेजात तुमच्या विभागात आले होते, राहायलाही तुमच्याच घरी. "भर मे महिन्यात तिकडं कोण जातं गं?" आई म्हणाली होती. वर्ध्याच्या स्टेशनावर उतरले तेव्हा तिचं म्हणणं पटलं. वारा नव्हता तो, भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. तुम्ही डोक्याला सुती पदर गुंडाळून न्यायला आला होतात आणि पहिलं वाक्य बोललात ते असं, "ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवू नकोस, पाणी पी."

काम साधं होतं. हगवण लागलेल्या लेकरांना घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी पाजायला तुम्ही देवळीकडच्या खेड्यांतल्या आयांना शिकवत होतात. तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांची चिमटी मीठ. कृती तुम्हीच बसवलेली, त्याचा चित्रांचा तक्ताही तुमचाच. आया ते पाणी बरोबर करतात का, हे मी पाहायचं. मी एसटीने जायची, त्यांनी केलेलं पाणी बाटल्यांत भरून आणायची आणि प्रयोगशाळेत तपासायची. पाणी सारखं खारट निघत होतं. नर्सबाई चिडायच्या, "कितीही सांगा, या बाया ऐकतच नाहीत." मलाही तसंच वाटू लागलं होतं, आणि सुट्टी संपत आली तरी हाती काही लागलं नाही म्हणून मी रडकुंडीला आले होते.

परत जायच्या आदल्या आठवड्यातली ती सकाळ. देवळीच्या पलीकडच्या एका गावात मी एका घरात शिरते. चुलीजवळ कोवळ्या वयाची आई मांडीवर लेकरू घेऊन बसलेली. लेकराचे डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. वाटीत पाणी तयार आहे, पण लेकरू तोंड फिरवतं. "पेऊनच नाई राह्यलं पोरगं, थुकून देते," ती म्हणते. मग माझ्याकडे घाबरून बघते. "तुमी सांगतलं तसंच केलं, बाई. तीन बोटाची चिमटी. काऊन, माह्यं काई चुकलं का?" का कोण जाणे, मी वाटी ओठाला लावली. समुद्राचं पाणी. मी तिला पुन्हा करायला सांगितलं आणि तिच्या हाताकडे बघत राहिले. कृती अगदी तक्त्यातल्यासारखी होती. पण मडक्यातून तिने काढले ते खडे होते, हरभऱ्याएवढे. आपण प्रत्येक गावात पिशवीतून नेलेलं बारीक मीठ घेऊन चिमटी दाखवत होतो. खेड्यात तसलं मीठ कुणाकडेच नव्हतं, आणि खड्यांच्या चिमटीत मीठ कितीतरी जास्त जात होतं.

मी ते खडे पाट्यावर बारीक करून घेतले, नवं पाणी केलं, चव पाहिली आणि आम्ही दोघी चमच्याचमच्याने पाजत बसलो. ओकलं की थांबायचं, पुन्हा पाजायचं. सासू दारात बसून पुटपुटत होती, हगवणीत पाणी पाजतात का कुठं. दुपार कलली तशी लेकराने आईच्या लुगड्यावर धार सोडली आणि तीच सासू ताडकन उठून ओरडली, "मुतलं वं, मुतलं पोरगं!" लघवी झाली म्हणजे अंगात पाणी ठरलं, लेकरू वाचलं. अर्धी आळी गोळा झाली. एखाद्याच्या मुतण्याचा एवढा आनंद मी पुढे कितीतरी वेळा पाहिला, पण तो पहिला.

संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात आले. तुम्ही पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत होतात. चूक बायांची नाही, तक्त्याची आहे, हे तक्ता करणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? मी भिंतीकडे बघून सगळं एका दमात सांगून टाकलं. तुमची सुरी थांबली. तुम्ही एकदम कडाडलात, "उन्हाळाभर बाटल्या वाहिल्यास आणि एकदाही चव घेऊन पाहिली नाहीस?" माझे डोळे भरले. तुम्ही पुन्हा सुरी उचललीत आणि हळू आवाजात म्हणालात, "मी तरी कुठं घेतली." 

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्याआधी एसटी स्टँडवर हजर होतात. त्याच गावात निंबाखाली बाया जमल्या. तुम्ही उभ्या राहिलात आणि सरळ म्हणालात, "मी तुमाले चुकीचं शिकवलं. मीठ आधी बारीक करून घ्या, मंग चिमटी. पाणी आसवापेक्षा खारट लागलं तं फेकून द्या." एकीला हसू फुटलं. "डाक्टर लोकंबी चुकतेत काय, बाई?" पण त्या सासूला हसू आलं नाही. ती म्हणाली, "मंग इतके दिवस आमच्या सुनाईले काऊन बोलून राह्यले होते सारे?" तुम्ही तिच्यासमोर खाली मातीत बसलात. "तेच सांगाले आली मी, आजी." म्हातारीने तुमच्याकडे बघून घेतलं आणि सुनेला म्हणाली, "जाय वं, बाईले पानी आन." मग त्या उन्हाळ्यात मी जिथून जिथून पाणी भरून आणलं होतं त्या प्रत्येक गावी तुम्ही गेलात. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य, तितक्याच सरळ आवाजात.

शेवटच्या दिवशी विभागात मला काम मांडायचं होतं. मी लाजून लिहिलं होतं, "सूचनेत त्रुटी आढळली." तुम्ही ते खोडून वर लिहिलंत, "आमच्या सूचनेत." कोल्हापूरच्या गाडीत बसवताना गोरसपाकाच्या बिस्किटांचा पुडा हातात कोंबलात आणि म्हणालात, "तुझ्या कामाचा निकाल लागला. जा आता." पवनारच्या नदीवर फिरायला न्यायचं कबूल केलं होतंत, ते राहूनच गेलं. गाडी सुटली तेव्हा मला आयुष्यभर काय करायचं ते कळलं होतं.

आता परवाचं. माझी एक विद्यार्थिनी आली. बाळंतिणींना मी वर्षानुवर्षं देत आलेला एक सल्ला चुकीचा आहे, हे तिने माझ्याच वॉर्डातल्या बायकांशी बोलून शोधून काढलं होतं. लिहून आणलेले कागद पुढे करून बोलताना ती भिंतीकडे बघत होती. मी म्हणाले, "ठेवून जा, बघते," आणि दार लावून घेतलं. दोन दिवस घोळून आज पुरतं वाचलं. पोरीचं बरोबर आहे. उद्या सकाळी तिला घेऊन वॉर्डात जाणार आहे आणि बायकांना सांगणार आहे. हे तुम्हाला कळवावंसं वाटलं, म्हणून लिहिलं. पाठवायचं तर कुठेच नाही, आणि तेही एका परीने बरंच आहे. कारण खरं सांगायचं तर, मॅडम, पोरीवरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही.