परतीचं भाडं कैलासने नेलं

रायपूर, बुधवार

सौ. रोहिणीस, लांबून पण मनापासून आशीर्वाद.

मी बरा आहे. गाडी सावलीला उभी आहे आणि ढाब्यावर डाळभात चांगला मिळतो. तुझ्या पायांची सूज उतरली का? आईला म्हणावं, पाण्याच्या कळश्या तुला उचलू देऊ नको.

मला यायला उशीर होईल. फोनवर सांगताना आवाज चढला असता, म्हणून अंबरनाथला निघालेल्या एका ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतोय.

अंबरनाथचा परतीचा माल मला मिळणार होता. तुझा कैलासही गाडी घेऊन इथेच आला होता. तो म्हणाला, "भावोजी, तुम्ही आंघोळ करून झोप काढा, तुमचा नंबर मी लावतो." मी उठलो तर माल त्याच्या गाडीत भरून तो गेलाही होता. एजंट म्हणाला, "आपके साले ने ही बोला, जीजाजी को जल्दी नहीं है."

फोन केला तर म्हणतो, "मला पण घर आहे ना, भावोजी." आहे की. पण तुझे दिवस भरत आलेत, हे त्याला ठाऊक होतं. बारवी धरणाच्या रस्त्यावर त्याला स्टेअरिंग धरायला मीच शिकवलं, रोहिणी.

रिकामी गाडी आणायला शेठ नाही म्हणतो. दुसरा माल मिळाला की निघतोच.

दुखायला लागलं तर शेजारच्या अनुयाताईंना हाक मार, त्यांची रिक्षा दारातच असते. कैलास आला तर चहा दे, भांडू नकोस, तुझा भाऊ आहे. फक्त बाळाचं तोंड त्याने माझ्याआधी बघू नये, एवढं माझ्यासाठी कर.

तुझाच,
गुरुनाथ