मोटरीला दोन थेंब तेल

प्रिय मिस्त्री,

नाही हो, रागावून नाही गेले. तुम्ही तीनदा निरोप धाडलात. एकदा दुकानदाराकडून, एकदा माझ्या लेकीकडून, आणि शेवटी ऑफिसातल्या त्या कारकुनाकडून, जो सांगताना गालातल्या गालात हसत होता. तिन्ही वेळा प्रश्न एकच : बाई, माझं काय चुकलं? रात्री जेवताना मी एकत्र घर करू या का म्हणालो, आणि सकाळी तुम्ही सामान उचलून दुसऱ्या हॉटेलात. अहो, कुणी असं विचारलं म्हणून रुसायला मी काय सोळा वर्षांची आहे? रागावले असते तर तोंडावर चार शब्द सुनावून, वर तुमचाच चहा पिऊन गेले असते. पण याचं उत्तर तोंडानं देता येईना, म्हणून लिहायला बसलेय. सातवीपर्यंतची शाळा माझी, अक्षराला हसू नका.

आधी हे ऐका. माझ्या निळ्या पिशवीतली ती मोटर शिलाईची नव्हतीच.

बारा वर्षं आपण कंपनीची मशिनं घेऊन गावोगाव हिंडतोय. पुढे मी बायकांना काज करून दाखवायचं, चेन लावून दाखवायची, आणि मागे तुम्ही लोकांची जुनी धुडं उघडून बसायचं. गेल्या वर्षी भरल्या दुकानात माझ्या नखातून सुई गेली ते आठवतंय? चाक उलटं फिरवून तुम्हीच काढलीत. बायका किंचाळत होत्या आणि तुम्ही म्हणत होता, बाई, नख जाऊ दे, सुई नवी होती. मी सगळ्यांना सांगितलं, उपाशी होते, चक्कर आली. खोटं. मला झोप लागली होती. पाय पेडलवर, मशीन चालू, आणि मी गाढ.

लेकीनं ओढत दवाखान्यात नेलं. तिथं एक रात्र अंगभर वायरी चिकटवून झोपवलं. सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाली, आजी, तुमचा झोपेत श्वास थांबतो, तासाला तीसेक वेळा. आजी म्हणाली मला! मी म्हटलं, पोरी, मी बोलताना श्वासाला थांबत नाही, झोपेत कुठली थांबते? ती हसली, पण कागद काही बदलला नाही. घोरणं म्हणजे घसा अर्धा मिटलेला, आणि मध्येच घोरणं बंद पडतं तेव्हा पुरता मिटलेला, असं तिनं समजावलं. मग हे यंत्र आलं. पावाएवढा डबा, त्यात पाणी, त्याला लांब नळी आणि नाकावर मास्क. रात्रभर हवा फुंकत राहतं, घसा मिटू देत नाही. पहिल्या रात्री आरशात बघितलं तर टाकीला पाइप जोडावा तशी दिसत होते.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण लाज वाटली. बसमध्ये तुम्ही घोरायला लागलात की मागच्या बाकावरच्यांना मीच सांगायची ना, घाबरू नका हो, इंजिन पुढंच आहे. आता कुठल्या तोंडानं सांगू की त्याच गाडीतली मीही आहे?

घरी सवय व्हायला दीड महिना लागला. आणि सवय झाली म्हणावं तर आपला दौरा सुरू. हॉटेलवाल्यांचं आणि प्लगचं काय वैर आहे देव जाणे. पलंगाशी कधी नसतो. असतो दाराशी, नाहीतर आरशाखाली, केस वाळवायच्या यंत्राच्या शेजारी. म्हणून मी लांब वायरीचा बोर्ड कापडाच्या ताग्यात गुंडाळून नेते. डबा उशीपेक्षा खाली राहील असा बुटक्या स्टुलावर ठेवायचा, नाहीतर नळीतलं पाणी नाकात येतं. उशी फुगीर असली की मास्क सरकतो आणि हवा फुस्स करून डोळ्यांत. एका ठिकाणी सफाईवालीनं नळी धुऊन, पुसून, शॉवरला अडकवून ठेवली होती, तिथलीच समजून. स्टेशनावर पिशवी तपासणाऱ्यानं विचारलं, मावशी, हे काय? मी म्हटलं, माझं दुसरं नाक, आणि हलक्या हातानं धर. पट्ट्यानं गालावर वळ उठायचे, तर त्याला जुन्या फ्लॅनेलची खोळ शिवली, शिवण बाहेरच्या बाजूला. दवाखान्यातल्या पोरींनी तसल्याच आणखी सहा मागितल्यात. तर सांगायचं काय, जमतं हो. दिवसा डोळा लागायचा थांबला. हिशेबानं बोलतेय असं लेक म्हणते, पण ती काय, काहीही म्हणते.

मग तुम्ही विचारलंत, बाई, भिंतीपलीकडून घुर्र येतं ते काय? मी ठोकून दिलं, नवी मोटर घेतलीय, रात्री घरच्या ऑर्डरी उरकते. तुम्ही हळहळलात. किती राबता, म्हणालात. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी तुमची थट्टाच केली नाही. तुम्हाला वाटलं मला ताप आहे.

आता त्या दिवसाचं. दुकानात गर्दी, काज करायच्या सुट्या भागांचा डबा मी खोलीत विसरलेले, म्हणून तुम्हाला किल्ली दिली. नळी आणि मास्क धुऊन न्हाणीत वाळत घातलेले, स्टुलावर नुसतं यंत्र. रात्री जेवायला बसल्यावर तुम्ही एका दमात बोललात : बाई, तुमची मोटर कोरडी वाटली, मागच्या जाळीतून दोन थेंब तेल सोडलंय, आणि पुढच्या वर्षी आपण दोघं कामातून मोकळे होतोय, तर एकच घर करू या का? माझ्या तोंडात पावाचा घास. तेलाला उत्तर देऊ की घराला, कळेना. बघू, म्हणाले आणि उठले.

खोलीत जाऊन यंत्र लावलं तर नाकात तुमच्या मशीनच्या तेलाचा वास. बंद केलं. हसू आलं बरं का, एकटीच हसले. आमचे हे जाऊन चौदा वर्षं झाली, इतक्या वर्षांत माझी कुठली वस्तू कोरडी आहे हे कुणी बघितलं नव्हतं. यंत्राशिवाय झोपायचा धीर होईना, म्हणून उशीला टेकून बसले, आणि भिंतीपलीकडून तुमचं सुरू झालं.

मिस्त्री, इतकी वर्षं मी तुमचं घोरणं बसमध्ये ऐकलं, पाचदहा मिनिटांचं. पूर्ण रात्र कधी ऐकलं नव्हतं. चढत चढत जातं, आणि मग बंद. काहीच नाही. मी आकडे मोजायला लागले. वीस. तीस. पस्तीसला तुम्ही बुडता माणूस वर यावा तसे हबकून श्वास घेतलात. मला वाटलं, झालं एकदाच. पुन्हा बंद. मग मी लाकडी फूटपट्टी घेतली आणि भिंतीवर ठोकलं. तुम्ही कुशीवर वळलात, श्वास सुरू. उजाडेपर्यंत हेच. तुमचं बंद पडलं की माझी पट्टी. सकाळी तुम्ही मॅनेजरला झापत होतात, तुमचे पाइप रात्रभर वाजतात, माणसानं झोपावं कसं? तो बिचारा प्लंबरला बोलावतो म्हणाला. मी शेजारी उभी होते, चहात बघत.

त्या हॉटेलात आणखी दोन रात्री होत्या. दुसरी तशी रात्र माझ्यानं काढवली नसती. तुम्हाला सांगावं तर दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि पुढचं विचारलं असतंत तर काय सांगू? म्हणून पळाले. भित्री म्हणा, चालेल. पण पलीकडच्या गल्लीतल्या त्या हॉटेलात गेले तरी डोळ्याला डोळा नाही. सकाळी दुकानात तुमच्या हातोडीचा आवाज आला तेव्हा कुठं पाणी प्याले. यंत्राचं म्हणाल तर दवाखान्यानं जाळी आणि नळी बदलली, आतून तपासून दिलं. मनाला लावून घेऊ नका. फक्त पुन्हा त्याला हात लावलात तर तुमचा हात मशीनखाली धरीन.

घराचं उत्तर हवंय ना? हो. पण आधी तुम्ही माझ्या डॉक्टरीणबाईकडे जाऊन वायरी लावून घ्यायच्या. सोमवारी सकाळी अकराची वेळ मी घेऊन ठेवलीय, तुमच्याच नावावर. ती आजोबा म्हणेल, ऐकून घ्या. तुम्हालाही डबा लागला तर दोन पलंगांच्या दोन बाजूंना दोन प्लग बसवू, ते काम तुम्हाला येतं. बायको गेल्यापासून तुमच्या घरात तुमचं ऐकायला कुणी नाही. मला काय होतंय, मी तर धडधाकट आहे, असं म्हणू नका. आमचे हेही असंच म्हणायचे. पाट्या रंगवायचे, दिवसभर शिडीवर. दुपारी उतरले की डुलक्या. आम्ही त्यांना आळशी म्हणायचो.

हे झोपेत शांतपणे गेले, असं मी तुम्हाला सांगितलंय. सगळ्यांनाच सांगितलंय. लोक म्हणाले पुण्यवान माणूस, मी मान हलवली. एक सांगायचं ठेवलं होतं, लेकीलाही ठाऊक नाही. त्या रात्री मी जागी होते. त्यांच्या घोरण्यानं वैतागून जागी. ते मध्येच बंद पडलं, ते मी ऐकलं. हात लांब केला असता तर खांदा हाती लागला असता. मी म्हटलं, सुटले बाई एकदाची, आणि कूस बदलून झोपले.

तुमचीच,
शिवणवाली