गाडीच्या जागेवर सासूबाईंची खुर्ची

शनिवार, संध्याकाळी

सम-विषम पार्किंगवरच्या हरकती ऐकायला आज पालिकेने प्रभाग कार्यालयात बोलावलं होतं. गल्लीतल्या गाड्या एक दिवस या बाजूला, एक दिवस त्या बाजूला, एवढंच. पण आमच्या खालचा संदीप तावातावाने उठला. "साहेब, आमच्या गल्लीत पार्किंगचा कुणालाच त्रास नाही!"

कुणालाच? मग सासूबाईंची गेटपाशी बसायची लाल खुर्ची रोज कोण पळवतं? गाडी बाहेर काढली की जागा अडवायला हाच ती रस्त्यात मांडतो, आणि सासूबाई गेटपाशी ताटकळत उभ्या.

मी हात वर केला. साहेबांनी विचारलं, "तुमची गाडी कुठली?" म्हटलं, गाडी नाही. "मग ताई बसा, आधी गाडीवाल्यांचं ऐकू." आणि मी बसले! का बसले? अजून चीड येतेय. शेवटपर्यंत माझा नंबर लागलाच नाही.

घरी आले तर लाल खुर्ची नेहमीसारखी रस्त्यात, आणि आज तिच्यावर सासूबाई, मेथी निवडत बसलेल्या. तेवढ्यात संदीपची गाडी आली. हॉर्नवर हॉर्न. सासूबाई ढिम्म.

"काकू, उठा ना, गाडी लावायचीय."

"अरे, खुर्ची तूच मांडलीस ना इथे? मग बसू दे की. एवढी मेथी झाली की उठते."

पिशवीत अजून दोन जुड्या होत्या. शेवटी संदीप गाडी रिव्हर्स घेऊन पार नाक्यावर लावून आला.

सासूबाईंना नाही कुणी विचारलं, तुमची गाडी कुठली म्हणून.