शनिवारच्या गाण्याबद्दल बोंगहुईताईस

उइजॉन्गबू, मंगळवार

ती. बोंगहुईताईस जमरेचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? बुसानची दमट हवा मानवते ना? मी बरी आहे, म्हणजे डोकं सोडून. डोकं वरच्या मजल्यावरच्या पोरीने खाल्लंय.

ही हिमेना, मेक्सिकोची. आपल्याकडची नाचगाणी शिकायला समुद्र ओलांडून आली आणि भाडेकरू म्हणून नेमकी माझ्या बोकांडी बसली. पहाटेपासून धपाधप उड्या. गेल्या आठवड्यात माझ्या सोयाबीनच्या रश्श्यात छताचा पोपडा पडला (कधी नव्हे तो रस्सा जमला होता गं!). पळी घेऊनच वर गेले. ती डोळे मिटून कोरियन गाणं म्हणत होती, उच्चार असे की शब्दांनी जीव द्यावा. विचारलं, "अर्थ कळतो का गं?" तर म्हणते, "नाही आजी, पण रडू येतं." आता अशा पोरीवर पळी कशी उगारायची? अठराव्या वर्षी अमेरिकन छावणीत आपण तरी दुसरं काय करत होतो? इंग्रजी गाणी आपल्या लिपीत लिहून घोकायची, गायिका निवडणाऱ्या परीक्षकांपुढे म्हणायची, आणि शिपाई रडायला लागले की आपणच घाबरायचो. ('डार्लिंग' हे कुठल्याशा गावाचं नाव, असं मला तूच शिकवलं होतंस.)

तिचे उच्चार सुधारत बसले, तर नगरपालिकेची बाई दारात. त्यांना म्हणे शोध लागलाय की आज जगभर वाजणाऱ्या आपल्या गाण्यांची मुळं छावणीत गाणाऱ्या आपल्यासारख्या पोरींत आहेत. (छप्पन्न वर्षं त्या मुळांना कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही, ते सोड.) शनिवारी सभागृहात मी गायचं, तुझ्या जागी हिमेना. काल तालमीत मी सूर धरला आणि ही नाचायलाच लागली! "आजी, तुम्हीही कंबर हलवा ना!" म्हटलं, "बाई, ही कंबर एकदा हलली तर जागेवर कोण आणणार?" त्यात दुसरं कडवं मला आठवेना, ते तिला येईना. तिसऱ्यांदा तिथेच अडलो, तेव्हा पियानोवाला उठून कॉफी प्यायला गेला तो परत आलाच नाही.

असो. प्रकृतीला जप.

तुझी,
जमरे

ता. क. : नगरपालिकेच्या त्या बाईने तुझी चौकशी केली तेव्हा, अकरा वर्षांत तुझं एक पत्र नाही या रागात, "ती गेली" असं माझ्या तोंडून निघून गेलं. तिने तुझ्या फोटोला काळी फीत लावलीय आणि शनिवारी मोठे साहेब दोन मिनिटं स्तब्ध उभे राहणार आहेत. आता खरं सांगायला मला तोंड नाही. तेव्हा चारच्या आत ये आणि सरळ मंचावर चढ. कुणी किंचाळलं तर मी बघते.

ता. क. २ : वरचा सूर मला कधीच लागत नव्हता. तो तुझाच होता. हे तिथे सगळ्यांसमोर बोलू नकोस, नुसता लाव.