फुंकनळीची वाटणी

मी, हंबीरराव ज्ञानू चौगुले, वय ६९, पूर्वीचा धंदा फाउंड्रीत मोल्डर, आताचा धंदा काचकाम, राहणार कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दाबाखाली न येता, पण घाबरून हे लिहीत आहे. "घाबरून" हा शब्द वकील घालू देत नव्हते, म्हणून कागद स्वतःच्या हातानं लिहिला. मोल्डिंगची वाळू चौतीस वर्षं छातीत गेली. आता चार पायऱ्या चढलो तरी बसावं लागतं. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टर ऋतुराज यांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. राहतं घर आणि बँकेत जे असेल ते पत्नी शालूबाई हिचं. तिच्या माघारी घर मुलगा धैर्यशील याचं. साठाव्या वर्षी मी काच फुंकायला बसलो, तेव्हा तिनं "येड लागलं काय तुमास्नी?" एवढं एकदाच विचारलं. त्यानंतर नऊ वर्षं अंगणातल्या काचा तिच्या पायात रुतल्या, पण पुन्हा त्यावरून बोलली नाही.

कलम २. दोन चिमटे आणि मोठी कात्री दादासो मगदूम मास्तरांना परत द्यावी. कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी काचेच्या नळ्या फुंकण्यात त्यांचा जन्म गेला. मला त्यांनीच शिकवलं. पहिलं धड भांडं उतरलं तेव्हा मी सवयीनं त्यावर हातोडी मारली. साच्यात ओतलेल्या लोखंडाला, कास्टिंगला, तडा आहे का, हे मोल्डर ठोकून, आवाजावरून ओळखतो. मास्तर तुकड्यांकडं बघून म्हणाले, "हंबीरराव, पटली न्हवं खात्री?" आठवलं की अजून लाज वाटते.

कलम ३. मागच्या अंगणातली शेड, तिच्याखालची जागा, भट्टी, काच हळूहळू थंड करायची पेटी आणि तिन्ही फुंकनळ्या सून अनुजा धैर्यशील चौगुले हिच्या एकटीच्या नावे. धैर्यशीलला शेड पाडून तिथं गाडी लावायची आहे. ती त्यानं रस्त्यावर लावावी. मालमत्ता माझी स्वकष्टार्जित आहे, तेव्हा त्यानं कोर्टाचे हेलपाटे घालू नयेत.

कलम ४. अनुजाच का, ते सांगतो. २०२१ च्या फेब्रुवारीत नळीच्या टोकाला वितळलेली काच लोंबत होती आणि माझा दम संपला. अनुजा चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवला आणि नळी तोंडाला लावली. मी म्हणालो, "अगं, उष्टी हाय ती." सासऱ्याचं उष्टं सुनेनं तोंडाला लावायचं, आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. फुंकून झाल्यावर ती म्हणाली, "मामा, उष्ट्याचं काय घिऊन बसलासा? काच खाली पडाय लागलीया की." त्या दिवसापासून नळी मी फिरवली, फुंकली तिनं. पुढं फिरवायलाही तीच. मी स्टुलावर बसून सांगायचो, आणि अलीकडं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, ती माझ्यापुढं गेली होती. तरी प्रत्येक भांड्याच्या बुडाला मी माझं नाव कोरलं. पुण्याच्या प्रदर्शनात शाल-श्रीफळ मी घेतलं. ती मागं पिशवी धरून उभी होती.

यंदा खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारं पुजली. पावणे जमलेले. धैर्यशीलनं सगळ्यांदेखत विचारलं, "आबा, ही तुमची उष्टी नळी फुंकती म्हणं. लोक तोंडात शेण घालाय लागल्यात. खरं हाय?" मी सुनेकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणालो, "छे, ती नुसती शेड झाडती." अनुजानं आरतीचं ताट शालूबाईच्या हातात दिलं आणि घरात गेली. महिना झाला, तिनं शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाही. मी भट्टी पेटती ठेवतो, नळी घेऊन बसतो, जीव खाऊन फुंकतो. काच हलत नाही. एवढा हात असलेलं माणूस माझ्या एका भित्र्या वाक्यानं घरात जाऊन बसलं, हे मला सोसत नाही.

सबब जाहीर करतो की फेब्रुवारी २०२१ नंतरची सगळी भांडी अनुजाची आहेत. त्यांच्यावरचं माझं नाव खोटं आहे. ज्यांच्या घरी ती असतील त्यांनी ते घासून काढावं आणि तिचं घालावं.

कलम ५. हा कागद मी कपाटात ठेवणार होतो. काल अनुजाला वाचायला दिला. तिनं घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "तुमी गेल्यावर खरं बाहेर येऊन मी काय करू? ज्यांच्यादेखत झाडती म्हणालासा, त्यांच्यादेखतच बोला की." तिचं बरोबर आहे. म्हणून येत्या रविवारी त्याच सगळ्यांना बोलावून हा कागद मी शेडच्या दारात स्वतः वाचणार आहे. अनुजानं पुन्हा नळी धरावी अशी अट घालत नाही. तो हक्क मी घालवला. हात जोडतो, पोरी, भट्टी विझू देऊ नकोस.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

हंबीरराव ज्ञानू चौगुले

साक्षीदार: १) विश्वजित खोत, शेजारी (सही)
२) डॉ. ऋतुराज पाटील (सही)

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: २ नोव्हेंबर २०२५

शेरा, दि. ९ नोव्हेंबर २०२५: वरील कागद ठरल्याप्रमाणे शेडच्या दारात सगळ्यांसमोर वाचण्यात आला. कलम ४ सुरू होताच हंबीरराव यांना धाप लागली व पुढे वाचता येईना. धैर्यशील यांनी कागद हातात घेतला नाही. तिथून शेवटपर्यंत अनुजा चौगुले यांनी मोठ्यानं वाचला, एकही अक्षर न गाळता.
विश्वजित खोत (सही)